सर मॅट बझबी

वाचकहो, फुटबॉलच्या खेळांत नांव मिळविणारे पुरुष पुष्कळ होऊन गेले. कोणीं गोल करून, तर कोणीं गोल अडवून कीर्ति मिळविली. परंतु ज्याची खरी कीर्ति स्वतः खेळणें सोडल्यानंतर सुरू झाली, असा पुरुष विरळा. सर मॅट बझबी हे अशा विरळांपैकीं एक होत. त्यांचें चरित्र सांगावयाचें म्हणजे युरोपियन कप या स्पर्धेची हकीकत सांगणें क्रमप्राप्त आहे. कारण या स्पर्धेपायीं त्यांनीं आपले आठ खेळाडू गमावले, व बरोबर दहा वर्षांनीं तोच चषक हातीं घेतला.

बझबी यांचा जन्म २६ मे १९०९ रोजीं स्कॉटलंडमधील लॅनर्कशर परगण्यांत, बेल्सहिल गांवाजवळच्या ऑर्बिस्टन नांवाच्या खाणकामगारांच्या वस्तींत झाला. दोन खोल्यांचें घर, वडील कोळशाच्या खाणींत कामाला, आणि आजूबाजूस खाणीखेरीज दुसरा मोठा उद्योग नाहीं, अशी ती वस्ती होती. तेथील मुलास दोनच वाटा दिसत. एक जमिनीखालीं जाई व दुसरी फुटबॉलच्या मैदानाकडे. आणि ही दुसरी वाट हजारांत एखाद्यासच सांपडे. पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां वडील सैन्यांत गेले, व १९१७ च्या एप्रिलांत फ्रान्समध्यें आरास येथें शत्रूच्या गोळीनें ठार झाले. मॅट त्या वेळीं आठ वर्षांचाहि झाला नव्हता. विधवा आईच्या मनांत मुलांस घेऊन अमेरिकेस जाऊन राहावें असें होतें. तो बेत पार पडण्यापूर्वींच मोठ्या झालेल्या मॅटला खाणींत उतरावें लागलें, आणि तेथून त्यास वर काढलें तें फुटबॉलनें. १९२८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, मँचेस्टर सिटी या इंग्लंडांतील संघानें त्यास आठवड्याला पांच पौंड वेतनावर ठेवून घेतलें. अमेरिकेचा बेत तेथेंच राहिला.

मँचेस्टरमधील पहिलीं वर्षें मोठीं कष्टाचीं गेलीं. बझबी यांस आघाडीच्या फळींत खेळविलें जाई, व तेथें त्यांचा जम बसेना. १९३० च्या सुमारास त्याच शहरांतील मँचेस्टर युनायटेड संघानें त्यांच्याविषयीं विचारणा केली. पण त्यांच्यासाठीं मागितलेले दीडशें पौंड त्या गरीब संघापाशीं नव्हते. ज्या संस्थेस पुढें या गृहस्थानें जगभर नांव मिळवून दिलें, तिला तो दीडशें पौंडांस परवडूं नये, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची! पुढें त्यांस मधल्या फळींत खेळवून पाहण्यांत आलें आणि त्यांचा खेळ एकाएकीं खुलला. धांवण्यांत ते चपळ नव्हते. पण चेंडू कोठें जावा हें इतरांच्या आधीं त्यांस दिसे. १९३३ सालीं एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांत त्यांचा संघ हरला, व पुढच्याच वर्षीं पोर्टस्मथचा २-१ असा पराभव करून त्यानें तो चषक मिळविला. त्या दिवशीं सिटीचा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट हा अवघा एकोणीस-वीस वर्षांचा पोर होता. सामना संपल्याची शिट्टी वाजतांच तो आनंदातिशयानें मूर्च्छित पडला. या स्विफ्टचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें एकदां यावयाचें आहे.

१९३६ त बझबी लिव्हरपूलकडे गेले, आणि दुसऱ्या महायुद्धानें त्यांच्या खेळाची अखेर केली. युद्धांत ते सैन्याच्या व्यायामशिक्षण विभागांत होते. इटलींत बारी येथें जिमी मर्फी नांवाचा एक वेल्श गृहस्थ सैनिकांपुढें फुटबॉलवर बोलत होता. तें भाषण ऐकतांच बझबी यांनीं त्यास आपला सहाय्यक म्हणून मनांत निश्चित करून टाकलें.

१९४५ सालीं मँचेस्टर युनायटेडनें बझबी यांस व्यवस्थापकाची जागा देऊं केली. त्या काळीं संघ कोणता खेळवावयाचा हें बहुधा संचालक मंडळी ठरवीत असत. बझबी यांनीं संघनिवडीचा पूर्ण अधिकार आपणांस हवा असें आग्रहानें सांगितलें, आणि तो मिळविला. अधिकार मिळाला, पण मैदान कोठें होतें? संघाचें ओल्ड ट्रॅफर्ड हें मैदान मार्च १९४१ मध्यें जर्मन बाँबहल्ल्यानें उद्ध्वस्त झालें होतें. १९४९ पर्यंत युनायटेडला आपले सामने शेजारच्या सिटीच्या मेन रोड मैदानावर उसने खेळावे लागले. अशा स्थितींतहि १९४८ सालीं एफ. ए. कप व १९५२ सालीं लीगचें विजेतेपद मिळालें. नवा व्यवस्थापक कचेरींत बसून न राहतां स्वतः सरावाच्या वेषांत खेळाडूंबरोबर मैदानावर धांवतो, हें पाहून त्या वेळीं लोक चकित होत.

तथापि त्यांचें खरें काम निराळेंच होतें. इतरांनीं घडविलेले खेळाडू पैसे मोजून आणण्यापेक्षां पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें निवडावींत, त्यांच्या घरीं जाऊन आईबापांस विश्वास द्यावा, आणि तीं आपल्या नजरेखालीं वाढवावींत, असा त्यांचा क्रम होता. रॉजर बर्न, एडी कोलमन, डेव्हिड पेग, मार्क जोन्स, डब्लिनचा बिली व्हीलन, उत्तरेकडील खाणप्रदेशांतला बॉबी चार्लटन, आणि या सर्वांत वरचढ असा डडली गांवचा डंकन एडवर्ड्स, हीं अशीं जमविलेलीं मुलें होत. तरुणांसाठींचा एफ. ए. यूथ कप सुरू झाला तो या मुलांनीं पहिलीं पांच वर्षें लागोपाठ जिंकला. १९५६ सालीं युनायटेडनें लीगचें विजेतेपद मिळविलें तेव्हां संघाचें सरासरी वय बावीसच्या आसपास होतें. वृत्तपत्रांनीं त्यांस बझबीचीं बाळें असें नांव दिलें. तें बझबी यांस फारसें आवडत नसे. पण एकदां रूढ झालेलें नांव कोण पुसणार?

आतां युरोपियन कपकडे वळूं. लेकिप नांवाच्या फ्रेंच क्रीडापत्राच्या पुढाकारानें ही स्पर्धा १९५५ सालीं सुरू झाली. युरोपांतील निरनिराळ्या देशांचे विजेते संघ तींत एकमेकांशीं भिडत. प्रत्येक जोडीचे दोन सामने होत, एक आपल्या मैदानावर व एक परक्याच्या; दोहोंचे गोल मिळून ज्याचे अधिक तो पुढें जाई, व दुसरा बाद होई. इंग्लंडच्या लीगच्या चालकांस हा उद्योग पसंत नव्हता. पहिल्या वर्षीं चेल्सी संघास त्यांनीं भाग घेण्यापासून परावृत्त केलें. दुसऱ्या वर्षीं विजेतेपद युनायटेडकडे होतें, आणि बझबी यांनीं तो सल्ला मानला नाहीं. फुटबॉल हा आतां एका बेटापुरता खेळ राहिलेला नाहीं, आपलीं मुलें जगांतील उत्तम संघांशीं खेळल्याखेरीज मोठीं व्हावयाचीं नाहींत, असें त्यांचें मत होतें. तें मत योग्यच होतें असें या लेखकासहि वाटतें. परंतु निर्णय त्यांचा होता, एकट्याच्या जबाबदारीवर घेतलेला होता, हें पुढील हकीकत वाचतांना विसरतां येत नाहीं.

१९५६-५७ च्या मोसमांत बेल्जमच्या अँडरलेख्तवर त्यांनीं मेन रोडवर १०-० असा विजय मिळविला. ओल्ड ट्रॅफर्डवर अजून विजेच्या दिव्यांची सोय नव्हती, म्हणून हे रात्रीचे सामने पुन्हां शेजाऱ्याच्याच मैदानावर झाले. उपांत्य फेरींत माद्रिदच्या रेआल संघापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. परंतु तीं मुलें अद्याप कोंवळ्या वयाचीं होतीं, आणि पुढचा मोसम आपलाच, अशी सर्वांची खात्री होती.

तो पुढचा मोसम म्हणजे १९५७-५८. डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सवर तेथें ६-० व येथें ३-२, प्रागच्या दुक्लावर येथें ३-० आणि तेथें ०-१, याप्रमाणें युनायटेड उपउपांत्य फेरींत आलें. प्रागहून परततांना धुक्यामुळें त्यांच्या प्रवासाचा खोळंबा झाला होता. लीगच्या शनिवारच्या सामन्यास संघ वेळेवर हजर असलाच पाहिजे, हा चालकांचा दंडक होता. म्हणून पुढच्या फेरीसाठीं स्वतंत्र विमान भाड्यानें घेण्याचें ठरलें. बेलग्रेडच्या रेड स्टार संघाशीं पहिला सामना २-१ असा जिंकला. ५ फेब्रुवारी १९५८ रोजीं बेलग्रेडमध्यें दुसरा सामना झाला. मध्यांतरास युनायटेड ३-० नें पुढें होतें. उत्तरार्धांत रेड स्टारनें तिन्ही गोल फेडले. तरीहि एकूण ५-४ अशा फरकानें उपांत्य फेरी हातीं आली. मुलें आनंदांत होतीं. शनिवारीं वुल्व्ह्‌जशीं लीगचा महत्त्वाचा सामना होता.

६ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर इंधन घेण्यासाठीं विमान म्यूनिक येथें उतरलें. बर्फ पडत होतें. उड्डाणाचा प्रयत्न दोनदां केला गेला व दोन्ही वेळां इंजिनांच्या दोषामुळें सोडून द्यावा लागला. प्रवासी उतरून पुन्हां इमारतींत गेले, व थोड्या वेळानें परत विमानांत येऊन बसले. दुपारीं तीन वाजून कांहीं मिनिटांनीं तिसरा प्रयत्न झाला. धांवपट्टीच्या शेवटच्या भागांत अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल सांचलेला होता. त्यांत चाकें शिरतांच वेग कमी झाला, आणि विमान जमीन न सोडतां कुंपण मोडून पलीकडील घरावर आदळलें. आंत चव्वेचाळीस माणसें होतीं. त्यांपैकीं तेवीस प्राणांस मुकलीं. बर्न, कोलमन, पेग, जोन्स, व्हीलन, टॉमी टेलर आणि जेफ बेंट हे सात खेळाडू जागच्या जागीं गेले. वृत्तपत्रांच्या आठ प्रतिनिधींपैकीं एक होता तो फ्रँक स्विफ्ट, चोवीस वर्षांपूर्वीं विजयाच्या आनंदानें मूर्च्छित पडलेला गोलरक्षक, बझबी यांचा जुना सोबती. गोलरक्षक हॅरी ग्रेग मात्र मोडक्या विमानांत पुन्हां शिरला व एका तान्ह्या मुलीस आणि तिच्या गरोदर आईस त्यानें बाहेर काढलें. विमानाचा कप्तान जेम्स थेन यानें पंखांवरील बर्फ काढलें नाहीं, असा ठपका जर्मन चौकशींत त्याच्यावर ठेवण्यांत आला. त्या दोषांतून इंग्लंडमध्यें त्याची मुक्तता झाली ती १९६९ सालीं. अकरा वर्षें त्या माणसानें काय सोसलें असेल!

बझबी यांची छाती चिरडली होती व एक फुप्फुस निकामी झालें होतें. म्यूनिकच्या रुग्णालयांत त्यांस प्राणवायूच्या तंबूंत ठेवलें. दोनदां अंत्यसमयींचे धार्मिक विधि त्यांच्यावर करण्यांत आले. डॉक्टरांनीं आशा सोडली होती. पण खाणवाल्याची ती कुडी होती, ती टिकली. त्याच इमारतींत डंकन एडवर्ड्स मृत्यूशीं झुंजत होता. एकवीस वर्षांचा तो मुलगा, ज्यानें वयाच्या अठराव्या वर्षींच इंग्लंडचा वेष अंगांत घातला होता, पंधरा दिवस टिकला व २१ फेब्रुवारीस गेला.

कोण वांचलें, कोण गेलें, हें बझबी यांस पुष्कळ दिवस कळूं दिलें नव्हतें. शेवटीं त्यांनीं पत्नी जीन यांस समोर बसविलें. ते एकेक नांव घेत, आणि ती माउली कधीं होकारार्थी, कधीं नकारार्थी मान हालवी. एका शब्दाचाहि उच्चार न करतां ती यादी संपली. त्यानंतर बझबी यांनीं फुटबॉलचें तोंडहि पुन्हां पाहावयाचें नाहीं असा निश्चय केला. त्यांच्या मनास खाणारी गोष्ट उघड होती. युरोपांत मुलांस नेलें कोणीं? लीगचा सल्ला डावलला कोणीं? तिसऱ्या वेळीं विमानांत पुन्हां बसतांना आपण नको कां म्हटलें नाहीं? वैमानिकाच्या कामांत खेळाच्या व्यवस्थापकानें काय बोलावें, असें कोणीहि म्हणेल. पण स्वतःच्या मनापुढें अशी सबब चालत नाहीं. जीनबाईंनीं त्यांस वादांत गुंतविलें नाहीं. गेलेल्या मुलांस तुम्हीं काम पुढें चालविलेलें आवडलें असतें, इतकेंच त्या बोलल्या. दोन महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर, एप्रिलांत, बझबी काठीच्या आधारानें मँचेस्टरला परतले.

मधल्या काळांत संघ जिमी मर्फीनें उभा ठेवला. अपघाताच्या वेळीं तो वेल्सच्या संघाबरोबर कार्डिफला होता, म्हणून वांचला. १९ फेब्रुवारीस शेफील्ड वेन्झडेशीं एफ. ए. कपचा सामना ठरलेला होता. त्या दिवशींच्या छापील पत्रिकेंत युनायटेडच्या अकरा जागा मोकळ्या सोडल्या होत्या. कारण छापण्याच्या वेळीं कोण खेळणार हें कोणासच ठाऊक नव्हतें. अपघातांतून वांचलेले बिल फोल्क्स व ग्रेग, कांहीं घाईनें आणलेले खेळाडू, आणि राखीव संघांतील पोरें, असा तो संघ मैदानांत आला व ३-० नें जिंकला. त्यांपैकीं दोन गोल करणारा शे ब्रेनन यानें त्यापूर्वीं पहिल्या संघांत पाऊलहि ठेवलें नव्हतें. मे महिन्यांत हा संघ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांत बोल्टनकडून हरला. युरोपियन कपच्या उपांत्य फेरींत मिलानवर मँचेस्टरमध्यें २-१ असा विजय मिळाला; परंतु मिलानमध्यें ०-४ असा पराभव होऊन तो मोसम संपला. चषक पुन्हां रेआल माद्रिदनेंच नेला.

येथें एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. जखमी होऊन कायमचे निकामी झालेले खेळाडू व मृतांचे कुटुंबीय यांपैकीं कांहींस संस्थेच्या मालकीचीं घरें सोडावीं लागलीं, आणि त्यांस मिळालेली मदत तुटपुंजी होती. याबाबत बझबी यांनीं अधिक करावयास हवें होतें असें पुढें अनेकांनीं म्हटलें आहे. तें खोटें म्हणवत नाहीं. थोर पुरुषाच्या चरित्रांत उणें दिसलें तर तें झांकण्याचें कारण नाहीं.

संघाची पुन्हां उभारणी करण्यास पांच वर्षें लागलीं. १९६२ त डेनिस लॉ यास इटलींतील तोरिनो संघाकडून १,१५,००० पौंड देऊन आणलें. ज्यास एकेकाळीं दीडशें पौंडांस घेतां आलें नाहीं, त्याच व्यवस्थापकानें एवढी रक्कम मोजली. बेलफास्टहून पंधरा वर्षांचा, हाडकुळा जॉर्ज बेस्ट आला. चार्लटन होताच. १९६३ सालीं एफ. ए. कप, १९६५ व १९६७ सालीं लीग, असा क्रम लागला. १९६६ च्या मार्चांत लिस्बनमध्यें बेन्फिकाचा त्यांच्याच मैदानावर ५-१ असा फडशा पाडला. पण पुढच्याच फेरींत बेलग्रेडच्या पार्टिझानकडून हार झाली. पुन्हां बेलग्रेड! बझबी यांस तें शहर कधीं लाभलें नाहीं.

१९६७-६८ हा मोसम बहुधा शेवटची संधि आहे हें त्यांस ठाऊक होतें. माल्टाचा हिबर्नियन्स, सारायेव्हो, पोलंडचा गूर्निक झाब्झे, हे एकामागून एक बाद झाले. उपांत्य फेरींत पुन्हां रेआल माद्रिद. मँचेस्टरमध्यें बेस्टच्या एका गोलानें विजय मिळाला. १५ मे रोजीं माद्रिदमध्यें मध्यांतरापर्यंत यजमान ३-१ असे पुढें गेले, म्हणजे एका गोलानें सरस झाले. उत्तरार्धांत सॅडलरनें एक गोल फेडला. त्यानंतर जें घडलें तें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. बचावफळींतला बिल फोल्क्स, जो सहसा मध्यरेषा ओलांडीत नसे, तो धांवत पुढें गेला व बेस्टनें दिलेला चेंडू त्यानें गोलांत मारला. फोल्क्स हाहि एकेकाळचा खाणकामगार, आणि म्यूनिकच्या त्या विमानांत बसलेला.

२९ मे १९६८ रोजीं लंडनमध्यें वेंब्ली येथें बेन्फिकाशीं अंतिम सामना झाला. लॉ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळें रुग्णालयांत होता. चार्लटननें डोक्यानें पहिला गोल केला; अकरा मिनिटें उरलीं असतां ग्रासानें बरोबरी केली. शेवटच्या क्षणांत युझेबियो एकटाच गोलासमोर आला व त्यानें सारें बळ एकवटून चेंडू मारला. स्टेप्नीनें तो छातीशीं धरला. तो चेंडू आंत गेला असता तर हें चरित्र निराळें झालें असतें. जादा वेळेंत बेस्ट, त्या दिवशीं एकोणीस वर्षें पूर्ण झालेला ब्रायन किड, आणि पुन्हां चार्लटन, असे कांहीं मिनिटांतच तीन गोल होऊन ४-१ असा निकाल लागला. हा चषक जिंकणारा इंग्लंडांतील पहिला संघ तो. अकरा जणांत चार्लटन व फोल्क्स हे म्यूनिकांतून वांचलेले दोघे होते, आणि दहा वर्षांपूर्वीं कोऱ्या पत्रिकेच्या रात्रीं प्रथमच खेळलेला शे ब्रेननहि होता. शिट्टी होतांच बझबी मैदानांत आले व चार्लटनला त्यांनीं मिठी मारली. त्या रात्रींच्या मेजवानीस चार्लटन येऊं शकला नाहीं. त्याच्या अंगांत उभें राहण्याचें त्राण नव्हतें. बझबी मात्र गेले, आणि उत्तररात्रीं त्यांनीं तेथें सर्वांसमोर गाणें म्हटलें.

त्याच वर्षीं त्यांस सर हा किताब मिळाला. १९६९ सालीं त्यांनीं व्यवस्थापकपद सोडलें, पण संस्थेंत त्यांची छाया इतकी मोठी होती कीं, मागून येणाऱ्यांस तिच्याखालीं वाढणें जड गेलें. दीड वर्षानें त्यांस कांहीं महिन्यांकरितां परत यावें लागलें. पुढें ते संचालक व संस्थेचे अध्यक्ष झाले. १९८८ त जीनबाई निवर्तल्या. १९९३ सालीं, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर, युनायटेडनें लीग पुन्हां जिंकली. तें त्यांनीं प्रेक्षागारांतून डोळ्यांनीं पाहिलें. २० जानेवारी १९९४ रोजीं, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

दोन दिवसांनीं ओल्ड ट्रॅफर्डवर एव्हर्टनशीं सामना होता. दोन्ही संघ मैदानांत आले ते एका एकट्या स्कॉटिश पाव्यावाल्याच्या मागून, हळूहळू चालत. मग पावा थांबला, आणि चाळीस हजारांहून अधिक माणसें एक मिनिटभर उभीं राहिलीं; कोणीं खोंकलेंहि नाहीं.